वाळत

चुलीवर ज्वारीच्या पिठाचा घाट फदकन उकळला, तरी अंगणातल्या बायांच्या नजरा दाराकडेच होत्या.

दारात अभिमनआबा उभे होते. समाजाचे पंच. 'कोणाला वाळीत टाकू नये' हा कायदाच रद्द करा, असं निवेदन धुळ्याला जायचं होतं. त्याआधी आबा घरोघर मत विचारत फिरत होते.

"बठ्ठी गल्ली हो म्हणाली, भागाबाई. तुमचं घर तेवढं राहिलं."

रत्नाने सासूकडे पाहिलं, मग नणंदेकडे. जातीबाहेर लग्न केलेली ज्योती आज बिबड्या, ज्वारीचे पापड, करायला म्हणून नरडाण्याहून माहेरी आली होती. बिबड्या थापायचं ओलं धोतर पिळता पिळता तिचे हात थांबले होते. कायदा गेला, की एकतर हे दार तिला बंद, नाहीतर सगळी गल्ली या घराला.

भागाबाईंनी तळहात पाण्यात बुडवला, वाफाळता घाट उचलला आणि खाटेवरच्या कापडावर गोल थापला. पातळ, एकसारखा.

"आबा, बिबड्या एकली बाईना हाते व्हतस का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"शे ना. मन्ही पोर आज मन्हा आंगनमा शे, ती कायदाना जीववर. तो ऱ्हाऊ द्या. हाई मन्हं मत."

"वाळीत पडाल, भागाबाई!"

"अजून कायदा शे ना, आबा?"

कुणीतरी पदराआड फिस्सकन हसलं. आबा चपला घासत निघून गेले.

रत्ना सासूकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका चुलीशी बसून भाकरी थापल्या, पण ही बाई तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

शेजारची दिपमाला उठली. तिच्या घरून सकाळीच 'हो' गेलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने धोतराचं दुसरं टोक हातात घेतलं.

"धर गं ज्योती. नीट पीळ, पाणी राहिलंय."

वाटीतला घाट चाटत बसलेली रत्नाची लेक स्वरा आईला चिकटली. "आई, आबा आत्याला वाळत टाकणार होते?"

"नाही गं. खा तू."

सकाळच्या बिबड्या उन्हात कडेने सुटायला लागल्या होत्या. स्वराने एक बोटाने दाबून पाहिली.

"बिबडी दोन दिवसांत वाळते. माणूस किती दिवसांत वाळतो?"