शेवटच्या बाकाची गादी

गादीवाल्याने शेवटच्या बाकापुढची गादी उचलली आणि तो थबकला. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या एकवीस गाद्या उसवून झाल्या होत्या, आणि तेवढ्यात त्याला सगळ्या मंडळीच्या भक्तीची इत्थंभूत माहिती झाली होती. पहिल्या रांगेतल्या गाद्या जवळजवळ कोऱ्या होत्या. तिथली प्रतिष्ठित माणसं गुडघ्यांना फार जपत असावीत. मधल्या रांगांत दोन-दोन खळगे होते. परीक्षेला बसलेल्या मुलांच्या आया जिथे बसत, तिथे जरा खोल. ही खांबाआडची गादी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत दबलेली होती. आतल्या काथ्याचा भुगा झाला होता.

"इथं कुणी गुडघे टेकत नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला. "इथं कुणीतरी आडवं होतं. सगळ्या अंगानं. रोजच्या रोज, पाच-सहा वर्षं तरी."

पाळकांचा चेहरा उजळला. पंधरा दिवस ते एका प्रवचनात अडकून पडले होते. शास्त्रात लवणारे पुष्कळ. भाऊ भावापुढे लवतात, कारण धान्य त्याच्या कोठारात असतं. चाकर धन्यापुढे लवतो, कारण धनी रागावलेला असतो. शिपाई तर प्रभूची टवाळी करायला त्याच्यापुढे गुडघे टेकतात. आणि शेवटी स्वर्गातले ते चोवीस वडील, देवाच्या सिंहासनापुढे पालथे पडणारे. "ती उपासना," पाळक म्हणाले. "बाकीचं सगळं मान नाहीतर भीती. पण उदाहरण द्यायचं कुणाचं? आपली माणसं मान लववतात तीसुद्धा घड्याळ बघायला. कोण आहे हो हे?"

"बघतो," गादीवाला म्हणाला.

त्याच दिवशी साडेचारला, शाळा सुटायच्या वेळी, मुख्याध्यापकांची बायको आली. मुख्याध्यापक म्हणजे काय ते गादीवाल्याला माहीत होतं. ते रस्त्याने निघाले की पन्नाशीचे बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवत. त्यांची बायको मात्र अनवाणी आली, चपला हातात घेऊन. बाकीचे सगळे चपला दारातल्या पायरीवर काढून येत. गादीवाल्याला शास्त्रातलं जळतं झुडूप आठवलं, आणि त्यातून आलेले देवाचे 'पायांतलं काढ, ही जागा पवित्र आहे' हे शब्द. त्याने हातातला दाभण खाली ठेवला.

ती खांबाआड वळली, उसवलेली गादी पाहून थांबली, मग तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, मग दाराकडे.

"रविवारपर्यंत होईल, वहिनी," तो म्हणाला. "नवा काथ्या भरतोय. मऊ लागेल."

"तुम्ही रोज असणार का या वेळेला?"

"शनिवारपर्यंत."

"भाऊ, मी इथं येते ते कुणाला सांगू नका. पाळकसाहेबांनासुद्धा नाही."

"चांगल्या गोष्टीची चोरी कशाला, वहिनी?"

"सांगू नका. माझ्यासाठी एवढं करा."

त्याने मान डोलावली. इतकी विनम्रता त्याने फक्त थडग्यांवर कोरलेली पाहिली होती. ती खांबाआड फरशीवर बसून राहिली आणि पाच वाजता बाजूच्या दाराने गेली.

गादीवाल्याने शुक्रवारपर्यंत दम काढला. गोष्ट वाईट असती तर त्याने ती मरेपर्यंत पोटात ठेवली असती. चांगली होती, म्हणून पाळकांना सांगून टाकली.

रविवारी पाळकांनी प्रवचनात काहीच शिल्लक ठेवलं नाही. भाऊ, चाकर, शिपाई, चोवीस वडील, मग शेवटच्या बाकाची गादी. चपला हातात. वेळ साडेचार. "आणि ती भगिनी," ते म्हणाले, "आज आपल्या मुख्याध्यापकांच्या शेजारी बसली आहे."

माना वळल्या. एक म्हातारी उठून उभी राहिली. मग तिची रांग, मग सगळं चर्च. मुख्याध्यापकही उठले; आजवर ते कुणासाठी उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकटी तीच बसून होती, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. गादीवाल्याचे डोळे भरून आले. आपल्या हातून आयुष्यात एक तरी पुण्याचं काम झालं, असं त्याला वाटलं.

उपासना संपल्यावर मुख्याध्यापक बायकोला घेऊन शेवटच्या बाकापाशी आले. त्यांनी नवी गादी अंगठ्याने दाबून पाहिली. खाली वाकून तिथून दाराकडे पाहिलं. मग दारात जाऊन उभे राहिले आणि तिथून बाकाकडे पाहिलं. वर्गात एखादं अवघड गणित सुटल्यावर दिसत असेल, तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. परत येऊन त्यांनी गादीवाल्याचा हात हातात घेतला.

"उत्तम काम केलंत तुम्ही," ते हसून म्हणाले. "मी रोज हिला शोधत इथवर यायचो. पायरीवर चपला नसायच्या, बाकावर डोकं दिसायचं नाही. दारातूनच परत जायचो मी."