कॅलाथियाचा उन्हाळा

अकरावं पान उलगडत होतं. सुरळीच्या आतून त्याची कोवळी, पोपटी कड डोकावली होती. पंखा बंद करून, खुर्ची पुढे ओढून योगीराज तिच्याकडे एकटक पाहत बसले होते. तासाभरात लेक, प्रियांका, यायची होती. पान तिच्यादेखत उघडलं असतं, तर निकालावर शिक्काच बसला असता.

महाशिवरात्रीला ती पुण्याहून आली, तेव्हा अंगणात तिच्या आईच्या कुंड्या ओळीनं वाळून उभ्या होत्या. आईला जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. लेक त्या कुंड्यांपुढे बराच वेळ थांबली. मग तिनं गाडीतून एक वीतभर झाड आणून टेबलावर ठेवलं. कॅलाथिया. हिरव्या पानांवर बारीक कुंचल्यानं रेखावीत अशी फिकट पिसं, आणि पाठीमागून वांगी रंग.

"याला थेट ऊन चालत नाही, कोरडा वारा चालत नाही. माती ओलसर हवी, पण चिखल नको," ती म्हणाली. "एक उन्हाळा काढून दाखवा, बाबा. हे जगलं, तर पुण्याला चला असं मी पुन्हा म्हणणार नाही. मेलं, तर मुकाट्यानं बॅग भरायची."

"बापाची परीक्षा झाडावरून घेतेस व्हय?"

"दुसरं कुणी तुमची खरी बातमी देतच नाही ना!"

योगीराजांनी पैज घेतली. येलदरीच्या धरणावर त्यांची तीस वर्षं नोकरीत गेली होती. अख्ख्या नदीला शिस्त लावणारा माणूस एवढ्याशा कुंडीला काय भिणार? आणि हरणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांचं उरलेलं आयुष्य सगळं घराबाहेर मांडलेलं होतं. सकाळी जलाशयाच्या काठानं फेरी. लिंबाजीची मासळीची होडी काठाला लागली, की त्याच्यासोबत चहा. संध्याकाळी पाण्यावरून येणारा ओला वारा, आणि त्या वाऱ्यात कुणाशी काही न बोलता बसणं. यातलं पुण्याला काय नेता आलं असतं?

मार्चमध्ये एका पानाची कड करपली. त्यांनी पश्चिमेच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. ऊन थांबलं, आणि खिडकीतून दिसणारं पाणीही. बोअरचं जड पाणी पानांना सोसेना, म्हणून जारचं पाणी झाडाला दिलं आणि बोअरचं स्वतः प्यायले. दिवेलागणीला पानं हात जोडल्यासारखी उभी राहिली, तेव्हा घाबरून त्यांनी पुण्याला फोन लावला. "झोपतं ते, बाबा," लेक हसली. त्या दिवसापासून दिवेलागणीला तेही घरात थांबू लागले.

एप्रिलमध्ये झळा सुरू झाल्या. दाराला ओलं गोणपाट लागलं. ते तासातासाला भिजवावं लागे. सकाळची फेरी आधी अर्ध्यावर आली, मग सुटली. वालूरला पुतणीचं लग्न होतं. त्यांनी आहेर पाठवला.

आठ दिवस वाट पाहून लिंबाजी दारात उभा राहिला.

"काय दादा, घरात बाळंतीण हाय का? लयच आडोसा केलाव!"

"आधी गोणपाट खाली सोड. झळ यायलीय."

आतल्या अंधाराला डोळे सरावल्यावर लिंबाजीनं झाड निरखलं. "ह्याला फळ काय येतंय?"

"काही नाही. नुसती पानं."

"मग एवढी सेवा कशापायी?"

"हे मेलं, की लेक मला पुण्याला नेणार. जगलं, तर मी इथंच."

लिंबाजी एकदम गंभीर झाला. "मग जगवा, दादा. लय जीव लावा. तुमच्याबिगर चहाला चव न्हाई राहिली."

योगीराजांनी जीव लावला. मे महिन्यात भर दुपारी एकदा दार वाजलं. "दादा, हाव का घरात?" नववं पान नुकतंच उघडलं होतं, त्याचा पापुद्रा अजून ओला वाटत होता. बाहेर आगीसारखा वारा होता. योगीराज गप्प बसून राहिले. पुन्हा एकदा दार वाजलं, थोड्या वेळानं पावलं दूर गेली. पान वाचलं. पुढं कुणी दार वाजवलं नाही, आणि त्यांना ते बरंच वाटलं.

प्रियांका आली ती थेट टेबलापाशी. तिनं मातीत बोट खुपसून पाहिलं. एकेक पान उलटून पाहिलं. एकाही कडेला डाग नव्हता. अकरावं पान तिच्यासमोर अर्धं उघडून थांबलेलं पाहून तिचे डोळे भरून आले.

"हरले मी, बाबा. आता पुण्याचं नावसुद्धा काढणार नाही. तुम्ही इथंच राहा, तुमच्या धरणापाशी, तुमच्या माणसांत."

योगीराजांची मान कितीतरी दिवसांनी ताठ झाली. "अगं, तीस वर्षं पाणी सांभाळलंय मी," ते म्हणाले, आणि झाडाच्या जारमधलं पेलाभर पाणी त्यांनी मोठ्या मनानं तिला दिलं.

ती घटाघटा प्यायली. मग काहीतरी आठवून हसली.

"एक गंमत सांगायची राहिली. फाट्यावर लिंबाजीकाका भेटले. मला विचारत होते, 'ताई, दादा रमले का हो पुण्यात?'"