सरकलेली सावली

"जनावर बांधताना आत्ताची सावली बघू नगो, फुला. दुपारची बघ. सावली कुणाच्या दाव्याला बांधलेली नसती."

सासूला जाऊन तीन उन्हाळे झाले होते. तरी त्या दुपारी ओहोळावरून घागर घेऊन चढ चढताना फुलाला तो आवाज अगदी कानाशी ऐकू आला. ती थबकली.

अणशी गावच्या बंगल्यापुढं, फणसाखाली, जंगलखात्याच्या साहेबांची मोटार उभी होती. सकाळी आली तेव्हा सावलीत होती. आता सावली बुंध्याला वळसा घालून उगवतीच्या अंगाला गेली होती आणि मोटार उन्हात एकटीच चमकत होती. काचा वर ओढलेल्या. आत साहेबांचं तांबडं कुत्रं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. भुंकत असावं, आवाज बाहेर येत नव्हता.

फुलाचाही आवाज आज बंद होता. नवऱ्याचा, लखूचा, हिवताप उतरावा म्हणून तिनं महादेवाला अकरा सोमवारांच्या मौनाचा नवस बोलला होता. उठल्यापासून दिवा लागेपर्यंत शब्द नाही, आणि दर सोमवारी संध्याकाळी ओहोळातला एक खडा देवापुढं. दहा खडे झाले होते. लखू परवा पहिल्यांदा अंगणात येऊन बसला होता. आज अकरावा.

रान झोपेत असल्यासारखं होतं. पान हलत नव्हतं. फुलानं घागर खाली ठेवली आणि मोटारीची मूठ ओढली. हात पोळला, दार हललं नाही. काचेपलीकडून कुत्र्यानं तिच्याकडं पाहिलं, पाण्याखालून कुणी पाहावं तसं. मग ते हळूच खाली बसलं.

साहेब रानात झाडांवर खुणा करायला गेलेले. त्यांचा ड्रायव्हर, बेळगावचा मारुती, बंगल्याच्या सोप्यावर तोंडावर टोपी घेऊन पडला होता. फुलानं त्याचा पाय हलवला.

"काय गं बाय?"

तिनं मोटारीकडं हात केला.

"मोटार बघायची हाय? सांच्याला दावतो."

तिनं जीभ बाहेर काढून धापा टाकून दाखवल्या.

"मुकी दिसतीया." तो हसला. "कुत्रं व्हय? निजलं असंल ते. सावलीत लावलीया मी मोटार, साहेबांच्या देखत." आणि त्यानं कूस बदलली.

फुला उभी राहिली. लखूच्या बरगड्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या. तापात वरखाली होणाऱ्या.

"सावली सरकली, अण्णा." दिवसातला पहिला शब्द घसा खरवडत आला. "आत शिजतंय ते. ऊठ, किल्ली घे!"

मारुती धडपडत धावला. दार उघडलं तशी भट्टीची धग अंगावर आली. दोघांनी कुत्र्याला उचलून फणसाच्या उगवतीला निजवलं. फुलानं घागरीतलं पाणी त्याच्या पोटावर, पंजांवर ओतलं, पदरानं वारा घातला. बराच वेळ काहीच नाही. मग जीभ हलली आणि तिच्या ओल्या बोटांना लागली.

"बोलता येतंय की तुला!" मारुती घाम पुसत म्हणाला. "मग आदी का न्हाई बोललीस?"

फुलानं रिकामी घागर उचलली. बोलून झालं होतं, पण दिवस अजून मावळायचा होता.

ती घरी आली तेव्हा लखू कांबळं पांघरून अंगणात बसला होता.

"आज अकरावा न्हवं?" त्यानं हसून विचारलं. "सुटलीस गं बाई!"

फुलानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग एक बोट वर केलं.

"एक? एक कशाला?"

ती बेलाखालच्या महादेवापाशी गेली. डोकं टेकवलं. दहाही खडे ओहोळाला परत द्यायला एकेक करून ओटीत घेतले आणि रिकामी घागर काखेत मारून पुन्हा ओहोळाची वाट धरली. वाटेत बंगल्यापुढं मारुती उन्हाकडं बघत बघत, खांदा लावून, मोटार फणसाच्या उगवतीला ढकलत होता.