नाशिकला फोन

"झोप येते मॅडम! मस्त येते! जेवण पण टकाटक!"

नवागामच्या नाक्यावर एसटीडी बूथमध्ये कापड विणायच्या लूमवर काम करणारा दगा फोनवर ओरडत होता. लूमच्या खडखडाटात कान निम्मे गेलेले, त्यामुळे हळू बोलणं तो कधीच विसरून बसला होता. बूथवाल्या जयंतीभाईंनी बाहेरून काच ठोठावली. "काका, धीरे बोलो ने! फोन वगर पण नासिक सुधी संभळाशे!" फोनशिवायही नाशिकपर्यंत ऐकू जाईल, असं ते गुजरातीत म्हणत होते.

पलीकडे नाशिकच्या समुपदेशक वृषाली मॅडम होत्या. त्यांचा नंबर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिला होता. हे दुखणं गोळ्यांनी जायचं नाही, म्हणाले, कुणाशी तरी आपल्या भाषेत मोकळं बोला. होळीच्या सुमारास लेक हर्षदा तापात गेली आणि तेव्हापासून दगाचा पाय घरात टिकेना. भरल्या ताटावरून उठायचा. पाळी संपवून घराकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत खात्यात जायचा. लूमच्या शेडला तिथे सगळे खातंच म्हणत. सुटीच्या दिवशी तर घर त्याला खायला उठे. मॅडमना फोन करायचा तोही सुटीच्याच दिवशी.

"सांगितल्याप्रमाणे रोज डोळे मिटून शांत बसता ना?"

"बसतो ना! एकदम शांत!"

साफ खोटं. शांत बसलं की पोरीचं कण्हणं ऐकू यायचं, म्हणून तो बसतच नसे. पण एवढी भली बाई, तिचं मन कशाला मोडायचं?

बूथचं दार उघडलं. बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको सुंदरा आत आली आणि तिने त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"मॅडम, मी सुंदरा. हे सगळं खोटं सांगतात. अंथरुणाला पाठ लावत नाहीत. पोरगी गेली तरी डोळ्यातून टिपूस नाही काढला."

दगाच्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत बायकोने असं उघडं पाडावं? तो काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी तिलाच काहीतरी विचारलं असावं.  मग तिने त्याला हातानेच बाहेर जायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

तो बाहेर उभा राहिला. उजव्या पायावरून डाव्या पायावर, डाव्यावरून उजव्यावर. काचेतून समोर सुंदराचा चेहरा दिसत होता. दार लावलंय म्हणून ती निर्धास्त होती, आणि खरंच, आवाजाचा कणही बाहेर येत नव्हता. पण खात्यात कुणाला कुणाचा आवाज कुठे ऐकू येतो? लूमवरच्या धाग्याची तार तुटल्याचं असो की कुणाचं लग्न ठरल्याचं, चार मशीन पलीकडच्या माणसाला नुसत्या ओठांनी सांगायचं आणि त्याने ते बघून ओळखायचं. दगाला त्याची इतकी सवय की नजर काढून घ्यायची म्हटलं तरी निघेना.

'मी? मी बरी आहे,' सुंदराचे ओठ म्हणाले. मग तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

'नाही मॅडम. बरी नाही. हे घरात असले की मी रडत नाही. माझ्या डोळ्यात पाणी दिसलं की हे चप्पल घालतात. पोरगी गेली, आता हे पण जातील. हे कामावर गेले की तिचा फ्रॉक तोंडात कोंबते आणि रडते. शेजारी आवाज जायला नको.'

 ही सावरली, असं तो समजत होता. इतक्या लवकर कशी सावरली, म्हणून मनातल्या मनात तिच्यावर चिडलाही होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पदराने तोंड पुसत सुंदरा बाहेर आली.

"काय म्हनी मॅडम?" त्याने घरच्या अहिराणीत विचारलं.

"काही नही. तुमनीच तब्येत सांगी."

दोघं चालू लागली. खात्याकडे जाणारा फाटा आला, तशी सुंदरा सवयीने थांबली. दगाही थांबला. पण तो खात्याकडे वळला नाही.

"हर्षूना फ्रॉक कोठे ठेवेल शे?" तो म्हणाला. "माले बी दे."