रक्ताच्या माणसाचा दगड

"आज धावायचे कष्ट वाचले तुझे," हारवा म्हणाला. "म्हातारीबरोबर काळं कुत्रंही आलेलं नाही. नावाड्यानं काठावर ठेवली अन् गेला."

पेतेमिन मांडवात आला. इथं हारवा मेलेल्यांचे देह धुऊन, मीठ-मसाला भरून कायमचे टिकवत असे. प्रेताच्या डाव्या कुशीत चीर घालायची, हे पेतेमिनचं काम. चिरून आतडी काढल्याशिवाय देह टिकत नाही, आणि मेलेल्याला जखम करणं तर महापाप. म्हणून चीर पडली रे पडली, की नातेवाईक शिव्या देत त्याच्यामागे दगड घेऊन धावत. एरवी नदीच्या या पश्चिम काठावर त्याच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नसे. हे काम पत्करलं त्या दिवशी घरच्यांनीही दार लावून घेतलं होतं. दगड मारायला का होईना, माणसं आपल्या मागे येतात, एवढंच त्याचं सुख.

"दगड मी मारू?" हारवानं विचारलं. "कधीची इच्छा आहे!"

"नको. रक्ताच्याच माणसानं मारायला हवा. नाहीतर तिला वाटेल, आपल्याला चिरलं आणि कोणालाच काही वाटलं नाही. तिकडेही ती एकटीच राहील."

"मग काय करायचं?"

"पुढची होडी येऊ दे."

होडी आली. तिच्यातून कांदे उतरले, बकऱ्या उतरल्या. म्हातारीचं कोणी उतरलं नाही. ऊन चढत होतं, आता थांबणं शक्य नव्हतं.

पेतेमिननं बगलेतला बुधला पुढे केला. "आतून धुवायला हे घे."

हारवानं वास घेतला. "खजुराची दारू? बेवारस म्हातारीला? अरे, मला कधी घोटभर पाजली नाहीस!"

पेतेमिन हसला नाही. त्यानं काळ्या काचदगडाची सुरी उचलली.





त्यानं चीर घातली, सुरी टाकली आणि सवयीनं बाहेर धाव घेतली. मागे कोणाचीच पावलं वाजली नाहीत. तो थांबला. वाळवंट रिकामं होतं. फार एकटं वाटलं त्याला.

मग वाकून त्यानं मुठीएवढा दगड उचलला.

"माझ्या आईला चिरतोस?" तो ओरडला. "हात झडोत तुझे!" आणि दगड त्यानं स्वतःच्याच कपाळावर हाणला.