मागचा दरवाजा

"मिस्त्री, दरवाजावरचं हे खरडलेलं घालवा हो," गाडीचा नवा मालक म्हणाला. गाड्या रंगवणाऱ्या मिस्त्रीने महिन्यापूर्वीच स्वतःची गाडी त्याला विकली होती. तिच्या मागच्या दरवाजावर मिस्त्रीच्या लेकीने खिळ्याने घर कोरलं होतं, दारात तिघं: आई, बाबा आणि छोटी ती. तेव्हा तो तिला ओरडला, पण मिस्त्रीच्या घरच्या गाडीला रंगाचा मुहूर्त कुठला! मग तापाचं निमित्त होऊन लेकच गेली. चित्र बघवेना, म्हणून बायकोचं न ऐकता त्याने गाडी काढून टाकली. "दुसरा दरवाजा फुकट बसवतो, हा मला द्या," मिस्त्री म्हणाला. "वा! चांगला काढून भंगारातला गळ्यात मारता होय?" मिस्त्रीच्या तोंडून लेकीचं नाव निघेना. त्याने पॉलिशपेपर भिजवून घासायला घेतलं. छप्पर गेलं, आई गेली, बाबा गेला. छोटीवर हात थबकला. "थांबलात का?" मालकाने विचारलं. रंग सुकल्यावर मालकाने त्यावरून बोट फिरवलं. "इथे कधी काही होतं असं वाटतच नाही!"