बंदराचं शहर की पठारावरचं

“दमट म्हणजे नक्की किती दमट?” काकूंनी विचारलं.

तिकीटबाईंनी जाडजूड प्रवास-पुस्तकाचं पान उलटलं. तेव्हा तिकिटं हातानं लिहायची, गाड्यांच्या वेळा पुस्तकात शोधायच्या आणि हवामानाचं कोष्टक त्याच पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असायचं. गिऱ्हाइकं तिथवर कधी जात नसत. या काकू मात्र आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या होत्या, आणि त्यांना भाड्याइतकीच हवाही नीट समजून घ्यायची होती.

“बंदराचं शहर आहे काकू. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. भिंतींना बुरशी धरते. पण गारठा नावाला नाही.”

“आणि पठारावरचं?”

“कडाक्याची थंडी. दोन महिने बर्फानं रस्ता बंद. हवा मात्र खडखडीत कोरडी.”

काकूंनी पिशवीतून वही काढली. त्या शिवणकाम करत. वहीत एका बाजूला कुणाकुणाच्या ब्लाउजची मापं होती. कोऱ्या पानावर त्यांनी मधोमध रेघ मारली.

“भाडं सांगा.”

“बंदर जाऊन-येऊन छत्तीस. संध्याकाळी बसलात की सकाळी हजर. पठाराला दोन रात्री गाडी, पुढे दिवसभर बस. जाऊन-येऊन दोनशे नव्वद.”

काकूंचा हात थबकला. “दोनशे नव्वद,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि आकडा लिहिला.

आतल्या टेबलावरून तिकीट-कचेरीचे मालक ओरडले, “बंदरालाच पाठवा हो मुलाला! समुद्र आहे, मासळी आहे. त्या पठारावर माणसं नाकाला कापड बांधून हिंडतात. कोण कोणाचा जावई तेच कळत नाही!”

“तुम्ही गप्प बसा,” तिकीटबाई म्हणाल्या. “तुम्ही स्टेशनाच्या पलीकडे कधी गेलायत?”

काकू हसल्या. पहिल्यांदाच.

“मुलाचं आहे किती वर्षांचं?” तिकीटबाईंनी विचारलं.

“पाच. त्यातलं एक झालं इथेच. आता इथे जागा पुरत नाही म्हणतात. दोन शहरांची नावं दिली आणि म्हणाले, घरच्यांनी एक कळवा. उद्या शेवटचा दिवस.”

“आणि राहण्या-जेवणाचं?”

“ते सगळं तिथलंच.”

“फुकट?”

“हो.”

“काय सांगता!” तिकीटबाईंनी पेन खाली ठेवलं. “नशीब काढलंत काकू. माझा एक आहे, नववीत दोनदा बसला. मास्तर म्हणतात, याला बाकाची सवय झालीय.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. “जेवायला घरी येतो ना?”

“त्यात मात्र पहिला नंबर. ताट वाढायच्या आधी पाटावर.”

“मग मारू नका त्याला,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा वहीत पाहू लागल्या.

तिकीटबाईंनी उगाच पुस्तकाची पानं सारखी केली.

“तुमचं मन कुठे ओढतंय?” त्यांनी विचारलं.

“मन बंदराकडे. छत्तीस म्हणजे चार ब्लाउज. दर महिन्याला जाता येईल. पण त्याला लहानपणापासून दमा आहे. हवेत ओल आली की रात्रभर उठून बसतो. मी पाठीला टेकण म्हणून बसायची. सकाळी आम्ही दोघंही बसल्या बसल्या झोपलेले असायचो.” काकूंनी पदराने चष्मा पुसला. “तिथे कोण बसणार पाठीशी?”

“वसतिगृहात मित्र असतील की.”

“असतील.”

“आणि पठारावर गेला तर?”

“तर श्वास तरी नीट घेईल. मला मात्र वर्षातून एकदा जमलं तर जमलं. तेही रस्ता खुला असेल तेव्हा.”

“सुट्टीत तो येईल ना घरी.”

“सुट्टी नसते त्यांना.”

“भलतीच कडक दिसते ही संस्था!”

“कडक आहे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी वहीतल्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा वाचल्या. बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. मग बंदराच्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढली, शिंपीण कापडावर ओढते तशी.

“पठार,” त्या म्हणाल्या. “मी न दिसल्यानं तो मरणार नाही.”

तिकीटबाईंना वाटून गेलं, आपल्या आईनंही आपल्याला असंच लांब शिकायला पाठवलं असतं तर!

“काकू, मोठं मन आहे तुमचं. चार वर्षं काय, हां हां म्हणता जातील. बघा, शिकून मोठा होऊन येईल आणि तुम्हाला मशीनवर बसू द्यायचा नाही.”

काकूंनी वही मिटली. “एक काम होतं. अर्जाला भाड्याचा आणि हवेचा कागद जोडायचाय. दोन्ही शहरांचा. तुमच्या शिक्क्यानिशी.”

“एवढंच ना? आत्ता देते.”

तिकीटबाईंनी टंकयंत्रात कोरा कागद चढवला. खटखट करत दोन्ही शहरांची भाडी उतरवली, खाली कोष्टकातली हवा लिहिली, पठारापुढे ‘कोरडी, दम्याला मानवणारी’ एवढं आपल्या पदरचं घातलं. मग कागद मागे फिरवून माथ्यावर ‘प्रति’ असं लिहिलं आणि बोटं थांबवली.

“कुणाच्या नावे करू काकू? प्राचार्यांच्या?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “माननीय अधीक्षक, मध्यवर्ती तुरुंग.”